डॉग अजिलिटीत (कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत) वीव्ह पोल्सची एंट्री चुकत असेल तर (माझा अनुभव)
आमची चिंगी मुधोळ हाऊंड, जंप टनेल सगळं झकास, पण वीव्ह पोल्स (ओळीत रोवलेले खांब, कुत्र्यानं त्यातनं नागमोडी जायचं) आले की भलत्याच बाजूनं घुसायची. पहिला पोल कुत्र्याच्या डाव्या खांद्याला आलाच पाहिजे, नाहीतर रिफ्युजल, म्हणजे चूक धरतात. मग १२ पोल काढूनच टाकले, रंकाळ्याजवळच्या प्लॉटवर फक्त २ पीव्हीसी पाईप ६० सेंमीवर रोवले, मधून गेली रे गेली की बॉल सरळ पुढं फेकायचा, हातातनं अजिबात द्यायचा नाही, म्हणजे ती तुमच्याकडं न बघता पुढं बघते. मुधोळ नजरेनं शिकार करणारी जात, खाऊपेक्षा पळता बॉल लई भारी! जमलं की कुत्र्याला सोडायचा कोन बदला, मग ४, ६, १२ पोल. आता डावीकडनं सोडा नाहीतर उजवीकडनं, एंट्री बरोब्बर घेते. पिल्लांना मात्र पूर्ण सेट नको, पाठीवर ताण येतो.