एकच पट्टी, तीन भाषा : कोबोल, आरपीजी आणि फॉक्सप्रो यांची तुलना कशी करावी

लातूर, नांदेड किंवा परभणीच्या मोंढ्यात आडतीचा हिशोब ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना गाववार बेरीज समजावून सांगावी लागत नाही. दिवसभराच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या पावत्या, गावाप्रमाणे लावायच्या, गाव बदलले की वजनाची आणि रकमेची बेरीज मांडायची, शेवटी एकूण काढायची, हे काम मुनीम वहीत वर्षानुवर्षे करीत आले आहेत. कोबोल, आरपीजी आणि फॉक्सप्रो या संगणकावर हिशोबाचे प्रोग्राम लिहिण्याच्या जुन्या भाषांची तुलना करायची असेल, तर हेच एक काम तिन्ही भाषांतून कागदावर लिहून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आज्ञांच्या याद्या शेजारी शेजारी मांडून भाषेचा स्वभाव कळत नाही. हिशोबाचा क्रम प्रोग्राम लिहिणारा सांभाळतो की भाषा स्वतः सांभाळते, हे पाहिले म्हणजे तो कळतो.

सुरुवात नेहमी माहितीच्या मांडणीपासून करावी. १९५९ साली ज्या कोबोलचे काम सुरू झाले, त्या भाषेतील प्रोग्रामचे चार विभाग असतात. त्यांपैकी माहितीचे वर्णन करणारा डेटा डिव्हिजन आधी वाचावा आणि प्रत्यक्ष आज्ञांच्या प्रोसीजर डिव्हिजनकडे नंतर वळावे. समजा, १२.३७५ क्विंटल सोयाबीन ४,३२५ रुपये भावाने विकले, तर रक्कम ५३,५२१.८७५ रुपये होते. कोबोलमध्ये रकमेचे वर्णन 'पिक ९(७)व्ही९९' (म्हणजे सात अंक आणि दशांशानंतर दोन) असे केले असेल, तर फाइलमध्ये नऊ अंक लिहिले जातात आणि दशांश चिन्ह लिहिलेच जात नाही. ते कुठे आहे हे फक्त 'व्ही' या अक्षराने कळते. हीच रक्कम एका बाइटात दोन अंक बसवणाऱ्या कॉम्प-३ पद्धतीने साठवली, तर पाच बाइटांत मावते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये, म्हणजे तिच्या तक्त्याच्या फाइलमध्ये, मात्र दहा जागांचा आणि दोन दशांशांचा रकाना केला, तर दशांश चिन्हही एक जागा घेते. जुनी कोबोल फाइल नव्या प्रणालीत आणताना 'व्ही'कडे दुर्लक्ष झाले, तर शेतकऱ्याची रक्कम शंभरपट दिसू लागते, म्हणून हे वर्णन हाताशी असल्याशिवाय फाइलला हात लावू नये.

त्यानंतर शेवटचा अर्धा पैसा तपासावा. कोबोलमध्ये 'राउंडेड' हा शब्द लिहिला नसेल, तर वरील रक्कम ५३,५२१.८७ होते आणि लिहिला असेल तर ५३,५२१.८८ होते. आरपीजीमध्ये हेच काम गणनेच्या ओळीतील 'एच' हे अक्षर करते, तर फॉक्सप्रोमध्ये 'राउंड' हे फंक्शन स्वतः वापरावे लागते.

आता मूळ काम. पट्ट्यांची फाइल गावाप्रमाणे क्रमाने लावलेली असणे तिन्ही भाषांत आवश्यक आहे. कोबोलमध्ये मागील गावाचे नाव एका वेगळ्या जागी जपून ठेवावे लागते, कारण पुढची नोंद वाचताच जुनी नोंद पुसली जाते. मग प्रत्येक नोंदीनंतर नव्या गावाची मागील गावाशी तुलना करायची, ते बदलले असेल तर बेरजेचा परिच्छेद (आज्ञांचा गट) 'परफॉर्म' करायचा, म्हणजे चालवायचा, आणि बेरीज शून्यावर आणायची. फॉक्सप्रोमध्ये आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारे 'डू व्हाइल' आणि पुढच्या नोंदीवर नेणारे 'स्किप' यांनी हीच रचना उभी राहते, कारण तिथेही क्रम आपल्यालाच सांभाळावा लागतो.

आरपीजीचा स्वभाव याहून वेगळा आहे. या भाषेत नोंद वाचणे, गणना करणे आणि छापणे यांचे चक्र भाषेतच बसवलेले असते. गावाच्या रकान्याला 'एल१' हा दर्शक (चालू-बंद होणारी खूण) जोडला की गाव बदलल्याचे चक्रच ओळखते, आणि बेरजेच्या वेळी जुन्या गावाचे नावही तसेच हाती राहते. पहिल्या नोंदीच्या वेळी बेरीज वगळली जाते. फाइल संपली की 'एलआर' दर्शक सर्व 'एल' दर्शक चालू करतो आणि शेवटच्या गावाची बेरीज आपोआप छापली जाते. म्हणून आरपीजीचा प्रोग्राम केवळ वरून खाली वाचत गेल्यास तो अपुरा वाटतो. वाचताना चक्र मनात धरून प्रत्येक ओळ कोणत्या टप्प्यावर चालते, ते समासात लिहीत जावे.

हा फरक मला एका आडत दुकानासाठी फॉक्सप्रोमध्ये केलेल्या प्रोग्राममुळे पक्का कळला. शेवटच्या गावाच्या सर्व पट्ट्या छापल्या जात, पण त्यांची बेरीज येत नसे, आणि एकूण रक्कम गाववार बेरजांवरूनच काढलेली असल्याने तीही तेवढ्याने कमी येत असे. मुनीमकाकांनी कॅल्क्युलेटरवर पट्ट्या मिळवून ते दाखवून दिले. 'डू व्हाइल'चा शेवट दाखवणाऱ्या 'एंडडू'च्या खाली बेरजेची आज्ञा आणखी एकदा देण्याचे मी विसरलो होतो. कोबोलमध्येही फाइल संपल्यावर हे पाऊल वेगळे लिहावे लागते. म्हणून तपासणीसाठी तीन गावांची फाइल करावी, त्यांपैकी शेवटच्या गावाची एकच पट्टी ठेवावी आणि एक फाइल पूर्ण रिकामीही चालवून पाहावी.

सरावासाठी जीएनयू कोबोल मोफत मिळते आणि डॉसवरील फॉक्सप्रो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालते. फॉक्सप्रोचे निकाल ताडताना मात्र आणखी एक गोष्ट पाहावी : 'डिलीट' केलेली पट्टी 'पॅक' ही कायमची पुसणारी आज्ञा देईपर्यंत फाइलमध्येच राहते, फक्त तिच्या पहिल्या बाइटात तारा येतो. 'सेट डिलीटेड ऑन' ही आज्ञा सुरुवातीला नसेल, तर रद्द केलेली पट्टीही गावाच्या बेरजेत धरली जाते.