घरात आजारपण किंवा मृत्यू असताना लेकराला गोष्ट कशी वाचून दाखवावी

आईची कॅन्सरवरची केमो सुरू झाली की लेकराला आजोळी धाडतात आणि नीट काही सांगत नाहीत. परभणी-हिंगोलीकडून उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या सुरू होतात, अनेकदा दर २१ दिवसांनी एक. मागं राहिलेलं लेकरू कानावर पडेल त्यावरून स्वतःच अर्थ लावत बसतं, आणि फार वेळा तो असा असतो: मी त्रास दिला म्हणून माय आजारी पडली. गोष्ट उपयोगी पडते ती इथं. गोष्टीतल्या पोराबद्दल बोलता बोलता लेकराला आपली भीती बाहेर काढता येते, आणि ती आपली आहे हे कबूल करावं लागत नाही.

पण आधी खरं सांगा, मग गोष्ट. आजाराचं नाव काय, उपचारात काय होणार, तोवर जवळ कोण राहणार, आणि कॅन्सर शिवल्यानं लागत नाही. चार वाक्यं पुरतात. ही बातमी पुस्तकाच्या आडून कळवलीत, तर लेकरू पुढच्या प्रत्येक पुस्तकाकडं संशयानं बघेल. ज्या औषधांनी केस जातात त्यांत ते पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. त्याबद्दलची गोष्ट त्याआधीच वाचून झालेली बरी.

पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्या घरापासून थोडी लांबची असू द्या: आई आजारी असेल तर गोष्टीत आजोबा किंवा म्हातारी गाय आजारी असलेली चालते. हुबेहूब आपलंच घर दिसलं की लेकरू पुस्तक मिटतं. आजारी माणूस चमत्कारानं बरा होत असेल, आजार ही लेकराच्या चुकीची शिक्षा असेल, किंवा मेलेल्या माणसाला ‘झोपले’, ‘गावाला गेले’ म्हटलं असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना गेलेलं माणूस परत येईल असंच वाटत असतं. त्यात ‘झोपले’ ऐकलं की ती झोपायलाच घाबरतात.

‘श्यामची आई’ (१९३५) पुष्कळ घरांत असतं आणि मायेपोटी तेच पुढं केलं जातं. त्यात शेवटी आई जाते, आणि श्यामची अखेरची भेट होत नाही. आई अंथरुणावर असताना ते देऊ नका. ती गेल्यावर काही महिन्यांनी मात्र, दहा-बारा वर्षांच्या पुढच्या लेकराला, शेवटच्या त्याच ‘रात्री’ (त्या पुस्तकातली प्रकरणं) सोबत करू शकतात.

वाचायला संध्याकाळी जेवणाआधीची वेळ चांगली. झोपताना वाचलं तर मनात उठलेलं सगळं घेऊन लेकरू अंधारात एकटं पडतं. सहा ते आठ वर्षांच्या लेकराला दहा-बारा मिनिटं पुरे. समोर नको, शेजारी बसा; नजरेला नजर नसली की लेकरं जास्त बोलतात. विचारायचं ते फक्त गोष्टीतल्या पोराबद्दल: ‘सदूला कशाची भ्या वाटत आसंल?’ ‘त्यानं कुणाला सांगाया पाहिजे व्हतं?’ इथंच थांबा. ‘तुलाबी तसंच वाटतंय का?’ हे ओठांवर येतंच, पण ते गिळा. लेकरू ‘न्हाई’ म्हणतं आणि बोलणं तिथंच संपतं.

समजा ते म्हणालं, ‘सदूनं राग आणला म्हणून त्याची माय आजारी पडली.’ लगेच ‘नाही रे बाळा’ म्हणून गप्प करू नका. ‘सदूला तसं वाटतंय व्हय? रागानं कॅन्सर होतो का, हे त्यानं कुणाला इचारावं?’ असं पुढं न्या, त्याचं ऐका, आणि मग स्पष्ट सांगा: ‘रागानं कॅन्सर होत नसतो. कुणालाच नाही.’

एकच पान पुन्हा पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. मध्येच उठून खेळायला गेलं तर जाऊ द्या. तेरा-चौदाच्या पुढच्यांच्या हातात पुस्तक देऊ नका. दिसेल अशा जागी ठेवा आणि वाचलं का म्हणून विचारू नका.

आई दवाखान्यात असेल तर पानांचे फोटो तिच्या मोबाइलवर पाठवा. ती तिकडून वाचेल, लेकरू इकडं पुस्तकावर बोट फिरवेल. केमोनंतर काही दिवस मळमळ आणि थकवा असतो, त्या दिवसांसाठी तिच्या आवाजात थोडी पानं आधीच रेकॉर्ड करून ठेवा.

मृत्यूनंतर तेरावा होईपर्यंत नवं पुस्तक काढू नका; जुनं, पाठ झालेलंच वाचा. भेटायला आलेले पाहुणे दहा वर्षांच्या पोराला ‘आता तूच घरचा कर्ता’ म्हणून जातात, म्हणून पुढं अशी गोष्ट निवडा जिच्यात लेकरू लेकरूच राहतं. बापानं आत्महत्या केली असेल तर गावातून कळायच्या आत घरच्यानंच साध्या शब्दांत खरं सांगावं. तशीच गोष्ट शोधायची गरज नाही. मृत्यूनंतरच्या घराची गोष्ट पुरते. शाळेत मात्र ती सगळ्या वर्गापुढं वाचू नका, साऱ्या माना त्याच लेकराकडं वळतात.

‘मलाबी बाबाकडं जायचंय’ असं लेकरू म्हणू लागलं, तर गोष्टीवर विसंबू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या: जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ, टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ किंवा चाइल्डलाइन (लेकरांसाठीची हेल्पलाइन) १०९८. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण सुटलं असेल तरीही तिथंच विचारा.