विंडोज ११ घेण्यापूर्वी बायोसमध्ये करावयाचे बदल

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी सोय) आणि सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) क्षमता लागते. बऱ्याच संगणकांत या सोयी असूनही बंद असतात. बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी आणि ते तात्पुरते थांबवावे, कारण बदलानंतर संगणक हीच की मागू शकतो आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फायलींना मुकण्याची वेळ येते.

'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड'समोर 'लेगसी' (संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत) दिसल्यास घाई करू नये. डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची असताना बायोसमध्ये थेट यूईएफआय ही नवी पद्धत निवडली, तर विंडोज सुरूच होत नाही. म्हणून आधी बॅकअप घेऊन विंडोजमधीलच 'एमबीआर२जीपीटी' या साधनाने तिचे जीपीटी या नव्या विभागणीत रूपांतर करावे.

मग संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट (कळ कंपनीनुसार बदलते) दाबून बायोस उघडावे. टीपीएम हा शब्द तेथे सापडेलच असे नाही. इंटेलच्या बोर्डावर तो बहुधा पीटीटी, तर एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने असतो. तो चालू करावा, सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने संगणक सुरू करू देणारी सोय) बंद करावे, सिक्युअर बूट चालू करावे आणि बदल जतन करून बाहेर पडावे. विंडोज उघडल्यावर बिटलॉकर पुन्हा सुरू करावे.