पुन्हा एकत्र आलेल्या मेटल बँडच्या कार्यक्रमाला जाताना

आवडता हेवी मेटल बँड वर्षानुवर्षांच्या फाटाफुटीनंतर पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली, की तिकिटासाठी धावण्यापूर्वी ती घोषणा सावकाश वाचावी. नेमके कोण एकत्र येत आहे, हे पोस्टरवरच्या मोठ्या नावावरून कळत नाही. ब्रिटिश बँड ब्लॅक सॅबथचे उदाहरण पाहावे. नोव्हेंबर 2011 मध्ये चारही मूळ सदस्यांच्या पुनर्मीलनाची घोषणा झाली, पण पुढच्याच फेब्रुवारीत ड्रमवादक बिल वॉर्ड कराराच्या अटींवरून बाहेर पडले. त्यामुळे 4 फेब्रुवारी 2017 रोजी बर्मिंगहॅममध्ये झालेल्या ‘अखेरच्या’ कार्यक्रमात ड्रमवर टॉमी क्लुफेटॉस होते. गायक ऑझी ऑस्बॉर्न, गिटारवादक टोनी आयॉमी, बासवादक गीझर बटलर आणि वॉर्ड हे चौघे एका रंगमंचावर आले ते 5 जुलै 2025 रोजी, त्याच शहरातल्या व्हिला पार्क मैदानावर. स्लेअर 2024 मध्ये परतला, तेव्हा संस्थापकांपैकी टॉम अराया आणि केरी किंग एवढेच होते, कारण गिटारवादक जेफ हॅनेमन यांचे 2013 मध्ये निधन झाले होते आणि ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो बँडमध्ये राहिले नव्हते. पँटेराच्या बाबतीत तर गिटार आणि ड्रम वाजवणारे दोन्ही ॲबट बंधू हयात नसताना त्यांच्या जागी झॅक वाइल्ड आणि चार्ली बेनान्टे वाजवतात. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. मात्र ज्या वादकासाठी आपण पैसे मोजणार आहोत तो मंचावर असणार की नाही, याची खात्री तिकीट काढण्यापूर्वीच करून घ्यावी.

यानंतर अपेक्षा तपासाव्यात. व्हिला पार्कवरचा कार्यक्रम दिवसभर चालला आणि मेटॅलिका, गन्स एन’ रोझेस, स्लेअर, टूल अशी मंडळी आधी वाजवून गेली, पण ब्लॅक सॅबथने स्वतः फक्त चार गाणी सादर केली. पार्किन्सन्सने ग्रासलेले ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले आणि त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, 22 जुलै रोजी, त्यांचे निधन झाले. निरोप घ्यायला गेलेल्या श्रोत्याला ती चार गाणी पुरेशी होती. दोन तासांच्या मैफलीच्या हिशेबाने गेलेला मात्र खट्टू झाला असता. म्हणून जाण्यापूर्वी त्या बँडच्या अलीकडच्या कार्यक्रमांचे चित्रण पाहावे आणि तिथे वाजलेल्या गाण्यांची यादी वाचावी. वय वाढले की गायकाला वरचे स्वर झेपत नाहीत, तेव्हा अनेक बँड गिटारचे ट्यूनिंग अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवतात आणि ओळखीचे गाणे किंचित अनोळखी वाटते. त्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोके गमावलेल्या आयॉमींनी 1971 मध्येच तारा दीड स्वर उतरवल्या होत्या आणि मेटलचा जड आवाज बऱ्याच अंशी त्यातूनच घडला.

कार्यक्रम परदेशात असेल तर तारखांचा मेळ आधी घालावा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. व्हिला पार्कच्या कार्यक्रमाची घोषणा फेब्रुवारीत झाली आणि तिकिटे लगेच संपली. म्हणजे भारतातून जाणाऱ्याला हातात तिकीट असूनही एप्रिलपर्यंत व्हिसाचा अर्जच करता येत नव्हता. अशा वेळी विमानाचे आणि हॉटेलचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल येथील महोत्सवाचा एक अख्खा दिवस वादळी हवामानामुळे रद्द झाला आणि त्या रात्री वाजवणार होता तो नुकताच परतलेला स्लेअर. अशा प्रसंगी तिकिटाचे पैसे परत मिळू शकतात, विमानाचे मिळतीलच असे नाही. समाजमाध्यमांवर अनोळखी व्यक्ती विकत असलेले तिकीट घेऊ नये. अधिकृत पुनर्विक्रीची सोय असेल तेवढीच वापरावी.

कधी कधी बँडच आपल्याकडे येतो. गन्स एन’ रोझेस 2012 मध्ये भारतात आला तेव्हा त्यात गिटारवादक स्लॅश आणि बासवादक डफ मॅककेगन नव्हते. 17 मे 2025 रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हे दोघेही गायक ॲक्सल रोझसोबत होते. हा बँड हार्ड रॉकचा की मेटलचा, हा वाद आपण बाजूला ठेवू. मुंबईत उघड्यावर ध्वनिक्षेपक साधारणपणे रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम लवकर सुरू होतो आणि ‘नऊपर्यंत पोहोचू’ म्हणणाऱ्याचा अर्धा कार्यक्रम हुकतो. बाहेरची पाण्याची बाटली बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणून प्रवेशापूर्वी भरपूर पाणी प्यावे आणि आत पाणी कोठे मिळते ते पहिल्या अर्ध्या तासातच पाहून ठेवावे.

कानांची काळजी हा विषय आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात आणि मेटलचा कार्यक्रम त्या पातळीच्या आसपास किंवा वरच असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे स्वस्त आणि परिणामकारक असतात, पण ते नीट बसवावे लागतात. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोट तसेच धरून ठेवावे. फोममुळे झांजांचा आवाज बोथट होतो, म्हणून नेहमी जाणाऱ्याने सर्व पट्ट्यांतला आवाज सारखाच कमी करणारे, खास संगीतासाठीचे इअरप्लग घ्यावेत. लहान मुलांना न्यायचे असेल तर त्यांच्यासाठी कान झाकणारे इअरमफ हवेतच.

उभे राहण्याची जागा वयाकडे पाहून निवडावी. पुढच्या कठड्याशी उभे राहायचे तर कित्येक तास तिथून हलता येत नाही. संतुलित आवाज ऐकायचा असेल तर ध्वनिनियंत्रकाच्या चौथऱ्याजवळची जागा उत्तम, कारण तिथला माणूस स्वतःच्या कानांनी ऐकून सगळा आवाज जुळवत असतो. मॉश पिटमध्ये, म्हणजे मंचापुढे श्रोते एकमेकांना धक्के देत नाचतात त्या गर्दीत, उतरावेसे वाटलेच, तर चष्मा आणि पाकीट जवळच्या मित्राकडे द्यावे, पुढून बंद असलेले बूट घालावेत आणि कोणी पडल्यास आधी त्याला उचलावे; हा तिथला सर्वमान्य रिवाज आहे. बँडचा टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत शिरल्याबरोबर घ्यावा, कारण शेवटी मोठ्या मापाचे उरत नाहीत. कार्यक्रमानंतर कानांत किंचित गुणगुण राहू शकते. ती दुसऱ्या दिवशीही ओसरली नाही किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे.