लग्नाच्या सजावटीचा प्रस्ताव देण्याआधीची तयारी

यजमान बहुतेक वेळा आधी फोटो पाठवतात आणि लगेच खर्च विचारतात. त्या क्षणी आकडा सांगू नका. आधी चार गोष्टी विचारून घ्या: तारीख, हॉल, मुहूर्ताची वेळ आणि हॉल आपल्या ताब्यात किती वाजता येणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यजमानांना सहसा माहीत नसतं, म्हणून हॉलच्या मॅनेजरलाच विचारा. पुण्या-मुंबईतले बरेच हॉल सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळ्या कार्यांना देतात. आदल्या रात्रीचं रिसेप्शन संपून टेबलं उचलेपर्यंत बारा वाजतात. मुहूर्त सकाळी अकराचा असेल तर गुरुजी नऊला मांडणी सुरू करतात आणि आठपासून नाश्त्याला पाहुणे यायला लागतात. मग शिडी हलवणंही अवघड होतं. म्हणजे कामाला मिळाले आठ तास. आठ तासांत उभं राहणार नाही असं काहीही प्रस्तावात घालू नका, यजमानांना ते कितीही आवडलेलं असो. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये असेल तर मात्र सोय होते: सांगाडा आणि कापड त्याआधीच चढवता येतं, रात्री फक्त फुलांचं काम उरतं.

यानंतर हॉल पाहायला जा, आणि शक्यतो कार्यक्रमाच्याच वेळी जा. सकाळी खिडकीतून स्टेजमागे ऊन येत असेल तर रंगीत दिव्यांचा खर्च फुकट जातो. टेपने स्टेजची लांबी, रुंदी, उंची घ्या. छताची उंची बीमखालून मोजा, झुंबर असेल तर त्याच्या खालून. मालाचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्टची आतली मापं विसरू नका. आठ फुटांची अखंड चौकट सात फुटांच्या लिफ्टमध्ये जात नाही आणि रात्री बारा वाजता ती कापायला सुतार मिळत नाही. भिंतीला खिळा, चिकटपट्टी चालते का, छताला हुक आहेत का, हॉलचा स्वतःचा डेकोरेटर असल्यास बाहेरच्यांना किती शुल्क आणि अनामत रक्कम किती, हे त्याच भेटीत विचारून लिहून घ्या.

होमाची परवानगी वेगळी विचारा. वातानुकूलित हॉलमध्ये धूर ओळखणारी यंत्रणा असते. ती होमापुरती बंद कोण करणार आणि पुन्हा सुरू कोण करणार, त्या माणसाचं नाव वहीत हवं. मंडप १० बाय १० फुटांचा असला तर वधू-वर, दोन्हीकडचे आईवडील, गुरुजी आणि अंतरपाट धरणारे एवढ्यांनीच तो भरतो, सप्तपदीला जागा उरत नाही. १२ बाय १२ घ्या. होमकुंडाच्या बरोबर वर कापडाची झालर किंवा लोंबती माळ नको, तिथला भाग उघडा ठेवा. पॉलिएस्टरचं कापड पेटलं की वितळून थेंब खाली पडतात, त्यामुळे धोका दुप्पट होतो. समोरच्या बाजूचे खांब बारीक ठेवा. मंगलाष्टकं सुरू असताना मागच्या रांगेतल्या आजीला वधू-वर दिसले नाहीत तर सजावट चुकली असं आम्ही मानतो. दिशा, चौरंग-पाटांची जागा आणि केळीचे खांब याबद्दल गुरुजींशी आधी बोला. रुखवताचं टेबल आणि सनई-चौघड्याची जागाही नकाशावर दाखवा, नाहीतर ती दोन्ही ऐन वेळी प्रवेशाच्या कमानीखाली येऊन बसतात.

विजेचं गणित तिथेच करा. २३० व्होल्टवर एक किलोवॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात. दीडशे वॅटचे वीस एलईडी पार (स्टेजवर रंगीत झोत टाकणारे दिवे) म्हणजे तीन किलोवॅट, सुमारे १३ अँपिअर. सोळाच्या एका सॉकेटवर ते चालतात, पण त्याच लाइनवर केटररने चहाचा बॉयलर लावला की फ्यूज उडतो. तीन फेजवर भार वाटून घ्या आणि जनरेटरवर नेमकं काय चालतं ते पाहा. वायरचं वेटोळं तसंच ठेवून जास्त भार दिला तर ते तापतं, म्हणून वायर पूर्ण उलगडा. जुने हजार वॅटचे हॅलोजन फुलांजवळ नकोत. उष्णतेने पाकळ्या तासाभरात मान टाकतात.

आता फुलं. प्रस्तावात ‘भरगच्च फुलांचा बॅकड्रॉप’ लिहिण्याआधी हिशोब मांडा. १६ बाय ८ फूट म्हणजे १२८ चौरस फूट. जरबेरा एकाला एक लावून चौरस फुटाला नऊ लागतात, म्हणजे साडेअकराशे फुलं, दहाच्या हिशोबाने ११५ गड्ड्या. बहुतेक यजमानांच्या फोटोत नेमका हाच प्रकार असतो आणि बजेट त्याच्या चौथाईचं. अशा वेळी फुलं मध्यभागी, बसणाऱ्यांच्या डोक्यामागे आणि दोन कोपऱ्यांत एकवटावीत, उरलेल्या जागेत कापड आणि हिरवा पाला घ्यावा. फुलं सगळीकडे विरळ पसरली की फोटोत गरीब दिसतं. झेंडूच्या लडींचा पडदा स्वस्त पडतो: १२ फूट रुंदीत दर सहा इंचांवर एक लडी, म्हणजे २५ लड्या. प्रत्येकी सात फूट धरली तर १७५ फूट. किलोभर झेंडूत सुमारे १५ फूट माळ होते, पण फुलाच्या आकारावर हे फार बदलतं, म्हणून एक किलो ओवून मोजा. तुटफूट धरून १४ किलो मागवा.

भाव तिथीवर चालतो. दसरा-दिवाळीला झेंडू, फेब्रुवारीच्या मध्याला डच गुलाब आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या दाट मुहूर्तांना सगळंच महागतं. म्हणून गुलटेकडीच्या किंवा दादरच्या बाजारातला आजचा भाव धरून तीन महिन्यांनंतरचा प्रस्ताव देऊ नका. प्रत्येक फुलासमोर पर्यायी फूल लिहा: ऑर्किड न मिळाल्यास गुलछडीच्या काड्या, कार्नेशन न मिळाल्यास पांढरी शेवंती. पर्यायावर यजमानांची सही हवी, कारण भांडण नेहमी रंगावरून होतं.

फुलं खोचायच्या ओल्या फोमच्या विटेत पाणी भरलं की वजन दोन किलोच्या आसपास जातं. कमानीच्या माथ्यावर दहा विटा म्हणजे वीस किलो, त्यामुळे तळाशी वाळूच्या पिशव्या आणि मागून आधार हवाच. वीट पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्या. हाताने दाबली तर आत हवा अडकते आणि तिथे खोचलेली फुलं सकाळी सुकलेली दिसतात. जरबेराला बादलीत दोन-तीन इंचच पाणी ठेवा, देठ जास्त बुडला की कुजतो. मे महिन्यातल्या लग्नात फुलं आंब्याच्या पेट्यांशेजारी ठेवू नका. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटतं आणि ऑर्किड गळतं.

प्रस्तावाचा कागद दोन-तीन पानांचा पुरे. वरून काढलेला मापांसह नकाशा, प्रत्येक जागेचं वेगळं वर्णन, भाड्याचं सामान एका भागात आणि संपणारं सामान दुसऱ्या भागात, मजुरी, वाहतूक, जीएसटी वेगळे. एकच ठोक आकडा दिला की यजमान ‘थोडं कमी करा’ म्हणतात आणि काय कमी करायचं ते कुणालाच कळत नाही. जागावार आकडे असले तर ते स्वतःच प्रवेशद्वाराची कमान लहान करून घेतात. संदर्भाचा फोटो लावलात तर त्याखाली ‘रंग आणि मांडणीची दिशा’ असं लिहा, हुबेहूब तसंच करण्याचं वचन देऊ नका. बदल स्वीकारण्याची शेवटची तारीख कार्याच्या सात दिवस आधीची ठेवा. थर्माकोलची अक्षरं किंवा कोरीव खांब मागितले तर २०१८ पासून महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे हे सांगून कार्डबोर्ड, बांबू किंवा प्लायवूडचा भाव द्या.

आदल्या दिवशी गाडीत सामान उलट्या क्रमाने भरा: आधी लागणारे पाइप, पायऱ्या आणि तळपट्ट्या सगळ्यात शेवटी. हत्यारांच्या पेटीत जादा बाइंडिंग तार, केबल टाय, पाण्याचा फवारा, दोन कात्र्या, टेस्टर आणि कोरडं कापड हवं. रात्री क्रम चुकवू नका: सांगाडा, वायरिंग, कापड, दिव्यांची चाचणी, मगच फुलं. दिवे नंतर बसवायला गेलं की शिडीखाली निम्म्या लड्या तुटतात. रांगोळी सगळ्यात शेवटी, पाहुण्यांच्या वाटेच्या कडेला.

सामान उतरवायला किती माणसं आणि किती तास, हेही खर्चात धरा. हा आकडा सर्रास विसरला जातो. निर्माल्य कोण उचलणार ते आधी ठरवा. ते खतासाठी जाणार असेल तर तार आणि टाय आधी काढून घ्या. शेवटी मॅनेजरला सोबत घेऊन हॉलची भिंत, स्टेज आणि दारं दाखवा, फोटो काढा आणि अनामत रकमेच्या पावतीवर त्यांची सही घेऊनच गाडी हलवा.