हंगामापूर्वी जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली घरीच कशी तपासावी

पुणे जिल्ह्याच्या दौंड-इंदापूर पट्ट्यात ऊसतोड सुरू होण्यापूर्वी, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरआधी ट्रॉलीकडे पाहावे, कारण सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते.

रिकामी ट्रॉली टणक, सपाट जागेवर उभी करून दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, जॅकने आस उचलून खाली भक्कम लाकडी ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कामाला बसू नये. हाताने हलवताना चाक खडखडले, तर हबची (चाकाच्या मधल्या भागाची) टोपी, कॉटर पिन (नट सैल होऊ नये म्हणून घातलेली दुमडती पिन) आणि नट काढून बेअरिंग डिझेलमध्ये धुवावे. रोलरवर निळसर डाग किंवा बारीक खड्डे दिसल्यास ते बाहेरच्या कपासह (रोलर ज्यात फिरतात त्या कड्यासह) बदलावे. चांगले असल्यास कोरडे करून, तळहातावरचे ग्रीस रोलरांच्या फटींतून पलीकडे डोकावेपर्यंत दाबून भरावे. मग चाक फिरवत नट आवळावा, किंचित सैल करावा आणि पिन मात्र नवीच घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालण्याची काटकसर महागात पडते.

इंजिन सुरू होत नसेल, तर डिझेलच्या लाइनमध्ये एअर (हवा) असू शकते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप दाबत राहावा आणि बुडबुडे थांबून सलग धार लागताच स्क्रू आवळावा. ऑइल बाथ एअर क्लीनर (इंजिनात जाणारी हवा तेलातून गाळणारा) असल्यास त्याच्या वाटीतले गाळ साचलेले तेल काढून नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरलेले तेल इंजिनात ओढले जाते.