डीएनएस सर्व्हरची कॅश विषारी होते ती कोठे? या चुका टाळा

८ जुलै २००८ रोजी डॅन कमिन्स्की या संशोधकाने शोधलेला डीएनएसमधील (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील) दोष जाहीर झाला, ज्यामुळे सर्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या उत्तरांत, बनावट उत्तर घुसवता येते, आणि त्याच दिवशी अनेक कंपन्यांनी एकत्र ठरवून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढल्या. इतकी वर्षे लोटली, तरी पॅच टाकला म्हणजे प्रश्न मिटला हा समज टिकून आहे, आणि बहुतेक घोटाळे त्या समजातूनच होतात.

रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ते शोधून आणणारा डीएनएस सर्व्हर, यूडीपीवरून (आधी जोडणी न करता संदेश धाडण्याच्या पद्धतीने) प्रश्न पाठवतो आणि आलेले उत्तर खरे की बनावट हे मुख्यतः १६ बिटांच्या ओळख-क्रमांकावरून ठरवतो. हे क्रमांक अवघे ६५,५३६ आहेत, त्यामुळे खऱ्या उत्तराआधी बनावट उत्तरांचा मारा केला तर एखादे नेमके जुळू शकते. एकदा डाव हुकला की खरे उत्तर टीटीएल, म्हणजे ते साठवण्याची ठरलेली मुदत, संपेपर्यंत कॅशमध्ये राहते आणि हल्लेखोराला थांबावे लागते, असे तोवर मानले जाई. म्हणून टीटीएल वाढवून निर्धास्त राहणे ही पहिली चूक. कमिन्स्कीच्या युक्तीत अस्तित्वात नसलेली उपनावे एकामागून एक विचारली जातात, त्यामुळे प्रत्येक वेळी नवी शर्यत सुरू होते, आणि जिंकलेल्या एका बनावट उत्तरासोबत ‘या संपूर्ण डोमेनसाठी अमुक नेमसर्व्हरला (त्या डोमेनचे पत्ते देणाऱ्या सर्व्हरला) विचारा’ ही नोंदही कॅशमध्ये शिरते.

पॅचने दोष मुळापासून काढला नाही, फक्त प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित दारांपैकी एकावरून) पाठवण्याची सोय केली, ज्यामुळे हल्लेखोराला ओळख-क्रमांक आणि पोर्ट यांच्या सुमारे चारशे कोटी जोड्यांतून एक ओळखावी लागते. (डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये हे आधीपासूनच होते.) मात्र बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये फायरवॉलच्या सोयीसाठी प्रश्नांचे पोर्ट ५३ वर बांधणारी ओळ राहून गेली असेल, तर पॅच असूनही संरक्षण शून्य.

याहून फसवी चूक नॅटची, म्हणजे आतले पत्ते आणि पोर्ट बदलून बाहेर पाठवण्याच्या राउटरमधील सोयीची, आहे. सर्व्हरवरच डेटाची पाकिटे (पॅकेट) टिपून पाहिली तर पोर्ट ४१८०२, १९३३७, ५६०११ असे विखुरलेले दिसतात आणि आपण समाधानाने काम बंद करतो. पण काही राउटर तेच पोर्ट बदलून ३२७७१, ३२७७२, ३२७७३ असे ओळीने बाहेर पाठवतात, म्हणजे पुढचा आकडा कोणालाही सांगता येतो. म्हणून तपासणी सर्व्हरवर नव्हे, तर नॅटच्या पलीकडे, बाहेरच्या तारेवर करावी. उपकरण सुधारता येत नसेल तर रिझॉल्व्हर नॅटबाहेर ठेवावा.

रिझॉल्व्हर साऱ्या जगासाठी उघडा ठेवणे हे तर हल्लेखोराला हवे तेव्हा प्रश्न विचारण्याचे आमंत्रणच. तो आपल्या नेटवर्कपुरता मर्यादित करा. पण तेवढ्यानेही भागत नाही, कारण २०२० मध्ये संशोधकांनी आयसीएमपीच्या (नेटवर्कमधील त्रुटी कळवणाऱ्या संदेशांच्या) दर-मर्यादेचा आडवाटेने उपयोग करून यादृच्छिक पोर्टही ओळखता येतो हे दाखवले. खरा आधार डीएनएससेकच्या, म्हणजे डीएनएस उत्तरांवरील डिजिटल, सह्यांचाच, आणि मूळ क्षेत्रावर (डीएनएसच्या सर्वांत वरच्या ‘रूट’ पातळीवर) त्या जुलै २०१० पासून आहेत.

इथे नेहमीची तक्रार अशी असते की सह्यांची पडताळणी चालू केल्यावर काही संकेतस्थळांसाठी ‘सर्व्हफेल’ (सर्व्हर उत्तर देऊ शकला नाही) ही त्रुटी येते, आणि घाईत पडताळणीच बंद केली जाते. तसे न करता डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेत पडताळणी टाळणारा सीडी पर्याय देऊन पाहावे. उत्तर आले, तर अडचण सह्यांच्या पडताळणीत आहे. अशा वेळी आधी सर्व्हरचे घड्याळ पाहावे, कारण सह्यांना सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. घड्याळ बरोबर असेल तर त्या डोमेनच्या चालकाची सही मुदतबाह्य झाली आहे का हे तपासावे, आणि अगदीच अडले तर तेवढ्याच डोमेनपुरता, तारीख घालून, तात्पुरता अपवाद करावा.

कॅश विषारी झाल्याचा संशय आला तर ती लगेच रिकामी करू नये, कारण पुरावाही जातो आणि वाट तशीच उघडी राहते. आधी कॅश फाइलमध्ये उतरवून घ्यावी, मग पोर्टची गळती बुजवावी आणि त्यानंतर कॅश साफ करावी. वापरकर्त्यांच्या संगणकांची आणि ब्राउझरची कॅशही राहून जाऊ नये.